गच्चीवरचा तीन किलोवॅटचा सोलर, बडोद्याच्या हवेत: कशाला पैसे द्यावेत, कशावर अडून बसावं

बडोद्यात घरगुती सोलरचं जे पॅकेज सध्या विकलं जातं ते थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच आहे. ५४० ते ५५० वॅटची सहा पॅनेलं, पॅनेलांची वीज घरात चालेल अशी करून देणारा तीन किलोवॅटचा एक इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, भिंतीवर स्विच-फ्यूजचे दोन डबे, तीन अर्थिंग आणि एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडची सगळी कागदपत्रं करून देण्याचं आश्वासन. मांडवीपासून मांजलपूरपर्यंत कोटेशनवरची नावं बदलतात, माल फारसा बदलत नाही. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या ब्रँडचं नसून या पॅकेजचं आहे.

गुण आधीच देऊन टाकतो. पॅनेलांना पाचपैकी साडेचार. इन्व्हर्टरला चार. सांगाड्याला बहुतेक ठिकाणी अडीच. वायरिंगला दोन. आणि विकणाऱ्याच्या बोलण्याला शून्य, कारण ते सगळं ‘काका, बिल झिरो’ या एका वाक्यावर उभं असतं. बिल रुपयांत येतं, यंत्र युनिटं बनवतं, आणि कुठलं युनिट दिवसाच्या कुठल्या वेळी बनलं यावर बाकीचं सगळं ठरतं. रुपयांकडे बघून संच घेतला की माप चुकतं, माप चुकलं की मग गच्चीही चुकते.

आधी हिशेब

पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००, आणि त्यापुढे कितीही मोठा संच बसवला तरी तेवढंच. हे आकडे सरकारने धरलेल्या किमतीवरून आले आहेत: पहिल्या दोन किलोवॅटना ५०,००० प्रत्येकी, त्याचे ६० टक्के, तिसऱ्याला ४५,०००, त्याचे ४० टक्के. तीन किलोवॅटची धरलेली किंमत होते १,४५,०००. कोटेशन याच्या वर जातं ते मुख्यतः उंच सांगाड्यामुळे, आणि तो खर्च योग्य आहे (पुढे बोलू). मात्र जीएसटीची ओळ तपासा. सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर १२ ऐवजी ५ टक्के कर आहे. सामान आणि काम मिळून पूर्वी १३.८ टक्के पडायचा, आता ८.९ टक्के पडतो. जुन्या दराने छापलेलं कोटेशन दिसलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

शहरातल्या घरगुती जोडणीला पहिली ५० युनिटं ३.०५ रुपयांनी, पुढची ५० साडेतीनने, त्यापुढची १५० सव्वाचारला जरा कमी म्हणजे ४.१५ ने, आणि २५० च्या वरची ५.२० ने लागतात. त्यावर इंधन अधिभार युनिटमागे दोन-अडीच रुपये, आणि एकूण रकमेवर १५ टक्के वीजकर. महिना ४०० युनिटं जाळणाऱ्या घराचं बिल या हिशेबाने तीन हजारांच्या आसपास बसतं. सहा पॅनेलं म्हणजे ३.२४ किलोवॅट, बडोद्यात ती वर्षाला साधारण ४,४०० ते ४,८०० युनिटं देतात, महिन्याची सरासरी ३८० च्या आगेमागे. या घराचे वर्षाला ३० ते ३४ हजार वाचतात. अनुदान वजा जाता लाख-सव्वा लाख खिशातून गेले असतील तर साडेतीन-चार वर्षांत हिशेब मिटतो. उत्तम सौदा.

आता २०० युनिटंच जाळणारं घर घ्या. दोन माणसं, एक एसी, तोही मे महिन्यात. बिल १,४०० च्या घरात. तीन किलोवॅट बसवला तर महिन्याला १८० युनिटं जास्तीची होतात, आणि गुजरातमध्ये बिलाच्या मुदतीत न वापरलेलं युनिट २ रुपये २५ पैशांनी विकत घेतलं जातं. दोन किलोवॅट बसवला असता तर मूळ बिल तसंही जवळपास गेलंच असतं. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटने वर्षाला भर पडते ती तीनेक हजारांची, आणि अनुदान धरूनही त्याचा खर्च तीसेक हजार. स्वतःचे पैसे वसूल करायला त्याला दहा वर्षं लागतील. ‘७८ हजार पूर्ण घ्या ना’ हा सल्ला विकणाऱ्याच्या सोयीचा आहे.

इथे एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांमुळे हमखास गोंधळते. महाराष्ट्रात उरलेली युनिटं मार्चअखेरपर्यंत पुढे ओढता येतात. इथे हिशेब प्रत्येक बिलाला मिटतो. थंडीत साठवून उन्हाळ्यात एसी चालवू हा बेत बडोद्यात चालत नाही. फेब्रुवारीत पंखेही बंद असतात, ऊन मात्र भरपूर असतं, आणि ती सगळी वीज सव्वादोन रुपयांनी जाते. म्हणून संचाचा आकार मे महिन्याच्या बिलावरून न ठरवता वर्षभराची, दोन-दोन महिन्यांची सहाही बिलं समोर ठेवून ठरवावा.

पॅनेल आणि इन्व्हर्टर

पॅनेलांबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. अनुदान हवं तर पॅनेल डीसीआर, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेलं, असावं लागतं. प्रत्येक पॅनेलच्या काचेखाली आणि मागे अनुक्रमांक असतो. सहाही आकडे योजनेच्या पोर्टलवर चढवलेल्या आकड्यांशी जुळवून घ्या. पॅनेलं वर चढण्याआधी, जमिनीवर असतानाच. एकदा चढली की मागचं लेबल वाचायला शिडी लागते आणि मग कोणी वाचत नाही.

पर्क की टॉपकॉन, या सेलच्या दोन प्रकारांवर दुकानात बराच वेळ जातो. बडोद्यापुरतं उत्तर असं: पॅनेलवर छापलेले ५४० वॅट हे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. मे महिन्यात दुपारी सेल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतो. पर्कची क्षमता अंशामागे ०.३५ टक्के उतरते, टॉपकॉनची ०.३० च्या आसपास. म्हणजे ऐन उन्हात पर्क साधारण १५ टक्के गमावतो, टॉपकॉन साडेबारा. फरक दोन-अडीच टक्क्यांचा आहे. किमतीतला फरकही तेवढाच असेल तर टॉपकॉन घ्या, जास्त असेल तर सोडा. आणि याच कारणामुळे सर्वांत जास्त वीज मे महिन्यात मिळेल ही समजूत सोडून द्यावी. मार्च-एप्रिलमध्ये रोज १५ युनिटांच्या आसपास, हिवाळ्यात १२, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८ ते १०, हे निरोगी संचाचं वर्ष. नर्मदेच्या कालव्यावर बडोद्याजवळ जो १० मेगावॅटचा प्रकल्प आहे, जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांच्या हस्ते सुरू झालेला, त्यात पॅनेलाखाली पाणी असल्याने ती थोडी थंड राहतात आणि बाष्पीभवनही घटतं. गच्चीवर पाणी नसतं, पण खालून वारा वाहता ठेवता येतो. स्लॅबपासून वीतभर उंचीवर निजवलेली पॅनेलं जास्त तापतात, हे विसरू नये.

इन्व्हर्टर हा संचातला सर्वांत आधी जाणारा भाग. पॅनेलांची कामगिरीची हमी २५ वर्षांची, इन्व्हर्टरची पाच ते दहा. उष्णता त्याची वैरी. त्याच्या आतले कपॅसिटर तापून तापूनच म्हातारे होतात. पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारच्या उन्हात टांगलेला इन्व्हर्टर ४५ अंशांच्या पुढे आपणहून वीज कमी करतो. आणि तो वाईट दिसतो म्हणून सनमायकाच्या कपाटात कोंडणं हा तर स्वतःच्या पैशाने केलेला घात. वर-खाली-बाजूला हाताच्या कोपराएवढी मोकळी जागा आणि सावली, एवढंच त्याला हवं असतं.

सांगाडा: खरी कसोटी

इथे कोटेशनमध्ये एकच ओळ असते, ‘जीआय स्ट्रक्चर’ (म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड), आणि सगळी काटछाट त्याच ओळीत होते.

पहिला प्रश्न जस्ताचा. तयार गॅल्व्हनाइज पाइप कापून, गच्चीवर वेल्डिंग करून, वर चंदेरी रंग मारलेला सांगाडा पहिल्या दिवशी छान दिसतो. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून गेलेलं असतं. दोन पावसाळ्यांत त्या सांध्यांखाली तांबडे ओघळ दिसू लागतात. हवं असतं ते सगळे भाग आधी कापून, भोकं पाडून, मग वितळलेल्या जस्तात बुडवून आणलेलं लोखंड, सरासरी ८० मायक्रॉनच्या थराचं, आणि गच्चीवर फक्त नट-बोल्टची जोडणी. थर मोजायचं छोटं यंत्र बऱ्याच फॅब्रिकेटरकडे असतं, मागा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. पॅनेलची चौकट अ‍ॅल्युमिनियमची असते, तिथे साधा लोखंडी बोल्ट पावसात दोन्ही धातूंना खातो.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा, आणि इथे आकडे बोलू द्यावेत. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात बडोद्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. सहा पॅनेलांचं क्षेत्र साडेपंधरा चौरस मीटर. ढोबळ गुणाकार १,८०० किलोंपर्यंत जातो. कल आणि उंचीचे गुणांक धरले की आकडा खाली-वर होईल, पण जात बदलणार नाही. आता समोरचं वजन मोजा. पॅनेलं १७० किलो, लोखंड दीड-दोनशे किलो, आणि दीड फूट बाय दीड फूट बाय एक फूट असे काँक्रीटचे चार ठोकळे, प्रत्येकी १५० किलो. बेरीज हजाराच्या आत. नुसत्या ठोकळ्यांवर उभा उंच सांगाडा वादळात उचलला जाऊ शकतो, हे यावरून कळावं. चाराऐवजी सहा-आठ पाय, ठोकळे एकमेकांना अँगलने बांधलेले, आणि निदान काही पाय कठड्याच्या किंवा खालच्या बीमच्या ओळीवर केमिकल अँकरने (भोकात रसायन भरून बसवलेल्या बोल्टने) धरलेले, असं काम मागा. कल कमी ठेवला तर वारा कमी पकडतो. बडोद्याच्या अक्षांशाला २२ अंश आदर्श, पण १२ ते १५ अंशांवर वर्षभरात एखाद-दोन टक्केच जातात. ती देवाणघेवाण परवडते.

भोकं कुठे पाडायची हा वेगळाच वाद. आपल्याकडच्या गच्च्यांवर चायना मोझेकचं काम असतं, आणि तेच पाण्यापासूनचं संरक्षण असतं. टाइल फोडून थेट स्लॅबमध्ये बोल्ट ठोकला की पुढच्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल. आधी टाइल कापून, भोक साफ करून, केमिकल भरून, बोल्टभोवती काँक्रीटची उतरती चौथरी करून मग मोझेक सांधायचं. याला एक दिवस जास्त लागतो. एका दिवसात सगळं बसवून देतो म्हणणाऱ्याने हाच दिवस वाचवलेला असतो.

उंची सात-आठ फूट ठेवावी असं आमचं ठाम मत आहे, खर्च वाढला तरी. बडोद्यात गच्ची ही वाळवणाची, कपड्यांची, आणि १४-१५ जानेवारीला तर अख्ख्या घराची जागा असते. बुटका सांगाडा असला की उत्तरायणात पोरं पतंग काढायला पॅनेलावर चढतात. काच फुटत नाही, पण सेलमध्ये केसासारख्या चिरा जातात, डोळ्यांना न दिसणाऱ्या, आणि पुढे त्याच जागा तापतात. शिवाय दगड बांधून फेकलेले लंगर. काच कडक केलेली असते. लंगराचा दगड कोपऱ्याला लागला तर अख्खी काच जाळीसारखी तडकते. सण संपल्यावर केबलांत अडकलेला मांजा ओढून काढू नका, कापून काढा. ओढला की केबलचं आवरण सोलतं.

सावलीचा नियम सोपा. २१ डिसेंबरला भर दुपारी बडोद्यात सूर्य ४४ अंशांवर असतो, म्हणजे सावली वस्तूच्या उंचीएवढी. सकाळी नऊ आणि दुपारी तीनच्या सुमारास ती जवळपास दुप्पट लांब. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याचा नवा मजला, सगळं पॅनेलांच्या उत्तरेला किंवा दुप्पट अंतरावर हवं. सहाही पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात; एकाच्या कोपऱ्यावर डिश अँटेनाची सावली पडली तरी त्या पॅनेलाचा तिसरा भाग बंद पडतो.

वायरिंग

आग लागली तर ती इथून लागते. पॅनेलांची माळ भर उन्हात तीनशेच्या आसपास व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज असते, आणि डीसीची ठिणगी घरातल्या एसी विजेसारखी आपोआप विझत नाही.

पॅनेलांच्या केबली जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरच्या आत एक धातूची पिन असते. तिच्यात चार चौरस मिमी केबलच्या तारा खास पकडीने दाबायच्या असतात. नीट दाबलेल्या पिनेवर षटकोनी ठसा उमटतो, एकही तार बाहेर डोकावत नाही, आणि जोरात ओढली तरी सरकत नाही. साध्या पकडीने चेपलेली पिन चपटी दिसते, एका बाजूला फट असते. ती फट म्हणजे रोध, रोध म्हणजे उष्णता, आणि दोन उन्हाळ्यांनी तपकिरी पडलेलं प्लास्टिक. कामाच्या दिवशी पहिला कनेक्टर समोर बनवायला सांगा. पकड कुठली काढतात यावरून त्या टोळीचं सगळं काम कळतं. एका कंपनीचा नर आणि दुसरीची मादी जोडू देऊ नका. बसतात, पण मापात केसभर फरक असतो.

दुसरी तक्रार बडोद्यात वाढत चालली आहे: दुपारी बारा ते तीन इन्व्हर्टर सारखा बंद पडतो, पडद्यावर ग्रिड ओव्हर व्होल्टेज. एकाच ट्रान्सफॉर्मरवर पंधरा-वीस सोलर झाले की दुपारी लाइनचा दाब (व्होल्टेज) चढतो. त्यात इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची तर स्वतःचा दाब आणखी वर न्यावा लागतो. गच्चीपासून मीटरपर्यंत तीस मीटर अंतर आणि चार चौरस मिमी तांब्याची केबल असेल, तर १३ अँपिअरला चारेक व्होल्टची भर केबलच घालते. दहा चौरस मिमीची केबल टाकली की हीच भर दीड व्होल्टवर येते. लाइन २५० वर असताना हे अडीच व्होल्ट म्हणजे चालू आणि बंद यांमधला फरक. केबलच्या जाडीत वाचवलेले दोन-अडीच हजार अशा वेळी दुपारच्या युनिटांतून वळते होतात. इन्व्हर्टरमधली मर्यादा वाढवून देतो असं तंत्रज्ञ म्हणाला तर नको म्हणा; तोच दाब घरातल्या फ्रिजलाही बसतो. आधी केबल बदला, मग लाइनच्या दाबाची तक्रार लेखी द्या.

अर्थिंग तीन वेगवेगळी: सांगाडा आणि चौकटींचं एक, इन्व्हर्टरच्या एसी बाजूचं एक, आकाशातली वीज झेलणाऱ्या वीजरोधकाचं एक. प्रत्येकाचा रोध ५ ओहमच्या आत. तीन खड्डे दिसले म्हणून समाधान मानू नका; मोजून आकडा लिहून घ्या. तीन झाकणांखाली एकच सळई निघाल्याची उदाहरणं शहरात कमी नाहीत.

इन्व्हर्टर कुठे लावायचा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून शहराचा मोठा भाग बुडवला, तेव्हा पार्किंगच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला लावलेले इन्व्हर्टर पाण्याखाली गेले. डब्यावर आयपी६५ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ धूळ आणि पाण्याचे फवारे. बुडणं त्यात येत नाही. आणि मीटर बंद केला, लाइट गेली, तरी दिवसा पॅनेलांकडून येणारी डीसी चालूच असते. पाण्यात उभं राहून बुडालेल्या इन्व्हर्टरला हात लावणं जिवावर बेतू शकतं. म्हणून इन्व्हर्टर आणि डीसीचा डबा वर, जिन्याच्या खोलीत, आणि डीसीचा आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) गच्चीवर हाताला येईल असा. विकणारा खाली लावायला बघतो, कारण एसीची केबल वाचते. सयाजीगंज, फतेहगंज, समा, कारेलीबाग, अकोटा या भागांत तरी यावर वाटाघाट करू नये.

आणि हो, लाइट गेली की हा संच बंद पडतो. बिघाड म्हणून तक्रार करू नका. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून ही रचना आहे. लाइट नसताना वीज हवी तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि बॅटरीला या योजनेत अनुदान नाही. बडोद्यात लाइट जाण्याचं प्रमाण पाहता बहुतेक घरांना त्याची गरज नाही.

कागद आणि देखभाल

कागदांचं काम सुरळीत आहे. राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी, यादीतला विक्रेता निवडणं, बसवणं, करार, दुतर्फा (नेट) मीटर, तपासणी, आणि मग अनुदान थेट तुमच्या खात्यात. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेचा वेगळा दाखला लागत नाही. अनुदान नंतर येतं, तोवर पूर्ण पैसे आपल्यालाच भरावे लागतात, म्हणून शेवटचा हप्ता मीटर बसेपर्यंत हातात ठेवा. पाच वर्षं देखभाल ही विक्रेत्याची जबाबदारी योजनेतच आहे. तिचे वेगळे पैसे मागणाऱ्याला योजनेचा कागद दाखवा.

देखभालीत धुणं येत नाही, ते आपलं आपण. ऑक्टोबर ते जून दर पंधरा दिवसांनी, सूर्य वर येण्याआधी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की काच तडकण्याची भीती. बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचा पांढरा पापुद्रा बसतो आणि तो घासून जात नाही. मही नदीचं नळाचं पाणी बरं. साबण नको, मऊ कापड पुरे. कमी कलाच्या पॅनेलावर एक जागा नीट बघा: खालची कड. धुतलेलं पाणी चौकटीपाशी साचून वाळतं आणि बोटभर रुंदीची मातीची पट्टी तयार होते. वरून पॅनेल स्वच्छ दिसतं, पण ती पट्टी सेलची सर्वांत खालची रांग झाकते आणि अख्ख्या माळेला मागे ओढते. कबुतरांच्या विष्ठेचंही तेच.

अ‍ॅपवर रोजचा आकडा बघायची गरज नाही. आठवड्याची बेरीज आणि इन्व्हर्टरच्या आकड्याशी सोलर मीटरचा मेळ, एवढं पुरे.

युनिट कुठल्या वेळेचं

आता त्या ‘झिरो’कडे परत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगाची विजेची मागणी ४.३ टक्क्यांनी वाढली, आणि ऊर्जेतून निघालेला कार्बन डायऑक्साइड ३७.८ अब्ज टनांवर गेला, तोपर्यंतचा उच्चांक. तोही सोलर विक्रमी वेगाने वाढत असताना. नवी स्वच्छ वीज येते आहे, पण तिच्यातली बरीच जुन्या कोळशाला हटवण्याऐवजी नव्या मागणीत जिरते. भारतात जून २०२५ पर्यंत निम्मी स्थापित क्षमता कोळसा-तेल-गॅसबाहेरची झाली, तरी प्रत्यक्ष युनिटांतली सुमारे तीन चतुर्थांश अजून कोळशाची. क्षमता मोजली की निम्मं दिसतं, युनिटं मोजली की चित्र वेगळं.

गच्चीवरही हेच घडतं. संच दिवसाला १३ युनिटं बनवतो, त्यातली आठ-नऊ दुपारी बाहेर जातात कारण घरात कोणी नसतं. रात्री दोन एसी चालतात, दहा-बारा युनिटं परत येतात. बिलात बेरीज-वजाबाकी होऊन शून्य. पण रात्री अकराला येणारी वीज सूर्याची नसते. ती ग्रिडमधून येते आणि त्या वेळी ग्रिड कोळशावर असतो. महीकाठच्या वणाकबोरीला २१० मेगावॅटचे सात आणि ८०० चा एक असे संच आहेत, आणि ज्या नदीचं पाणी बडोदं पितं तीच त्यांना थंड ठेवते. भारतीय ग्रिडवरचं एक युनिट सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड मागे ठेवतं. ४,५०० युनिटं म्हणजे वर्षाला तीन टनांहून जास्त टळतात, हे खरं. मात्र ‘बिल तर येतच नाही’ म्हणून तिसरा एसी बसला की त्यातला मोठा वाटा तिथेच गेला. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटपर्यंत चढली ती उन्हाळ्याच्या गारव्यासाठीच.

म्हणून संच घेतल्यावर पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, गीझर, स्कूटरचं चार्जिंग, सगळं अकरा ते तीनमध्ये सरकवा. गीझरला पाचशे रुपयांचा टायमर पुरतो. दुपारी तापवलेलं पाणी चांगल्या टाकीत संध्याकाळपर्यंत गरम राहतं. मे महिन्यात झोपायची खोली चार वाजताच थंड करून पडदे ओढून ठेवा, रात्रीचा एसी तासभर कमी चालतो. बिलात याने मोठा फरक पडणार नाही, कारण नेट मीटरला दुपार आणि रात्र सारखीच. कोळशात पडतो. लाइनचा दाब उतरून दुपारचं ट्रिपिंगही कमी होतं, हा शेजाऱ्यांनाही मिळणारा फायदा.

पॅनेल बनवतानाही वीज जळलेली असते, आणि वेफर अजून बहुतांश बाहेरून, कोळशाच्या विजेवर बनून येतो. आपल्याकडच्या उन्हात ती उधारी वर्ष-दीड वर्षात फिटते. पुढची वीसेक वर्षं निव्वळ नफा. उरतो फुटलेल्या पॅनेलाचा प्रश्न. भंगारवाला अ‍ॅल्युमिनियमची चौकट काढून घेतो आणि काच, सेल, शिशाच्या झाळणीसकट बाकीचं उकिरड्यावर टाकतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेलं आली आहेत आणि उत्पादकाने ती साठवायची आहेत. हमीत बदललेलं जुनं पॅनेल विक्रेता परत नेईल, वाहतूक त्याच्याकडे, ही एक ओळ कोटेशनमध्ये हाताने लिहून त्याची सही घ्या; छापील कोटेशनात ती नसते.